इंचकोम बेटावरची आरती

आई,

कॅनडात, एडमंटनला घरी परत आलो तरी ती खोली डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं स्कॉटलंडला गेलो होतो. तिथे किनाऱ्याजवळ इंचकोम नावाचं छोटं बेट आहे, त्यावर शेकडो वर्षांपूर्वीचा ख्रिस्ती साधूंचा दगडी मठ. बोट लाल रेल्वेपुलाखालून निघाली; पलीकडे नव्या पुलाचं काम अजून चालूच होतं. वारा असा की तू म्हणाली असतीस, "आधी कान बांध, मग काय ते बेट बघ."

तुझा दमा आठवतो. गणपतीत तू भसाड्या आवाजात आरती म्हणायचीस, बाबा तुला भोंगा म्हणून चिडवायचे. शेवटच्या कडव्याआधी तुझा श्वास संपायचा. मग टाळ थांबायचे, शेजारपाजारचे थांबायचे, तू पुन्हा सुरू करेपर्यंत कुणी तोंड उघडत नसे. एकदा मी घाईने पुढचं कडवं उचललं, तर भर आरतीत तू डोळे वटारलेस. इथे आमच्या बेसमेंटमधल्या गणपतीसमोरही आम्ही तिथे थांबतोच. मंडळात मात्र तुझ्या नातीला एक काकू म्हणाल्या, "बेटा, इथे पॉज नाहीये, कंटिन्यू करायचं." तिने मान हलवली आणि पुढच्या आरतीला पुन्हा थांबली.

मठात दगडी छताची एक खोली आहे. गाईडबाई म्हणाल्या, साधू इथे जमायचे, आवाज फार छान घुमतो, कुणी गाणार का? सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी पोरगी पुढे झाली. तिने चक्क आरती धरली. आवाज थेट तुझा, तसाच भसाडा, भिंती दणाणल्या. माझी छाती अशी फुगली की जॅकेटची चेन तुटते की काय! शेवटच्या कडव्याआधी ती थांबली. संपलं असं वाटून गाईडबाई टाळ्या वाजवायला लागल्या, तर पोरीने हात वर करून त्यांना थोपवलं. मग उरलेलं कडवं खणखणीत म्हणून पुरं केलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "दम लागला होता का गं?"

"नो बाबा," ती म्हणाली, "आय वॉज वेटिंग फॉर आजी."

तिच्या जन्माआधीच तू गेलीस, आई.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहू दे इथेच. एवढं मात्र कबूल करतो, त्या खोलीत मीही कान देऊन वाट बघत होतो.