पळस्प्याची जमीन जनीने कशी सांभाळावी

मी, गुणाबाई जगन मढवी, विधवा, वय अदमासे सहासष्ट वर्षे, धंदा मीठ व सुकी मासळी विकणे आणि घरभाडे, मूळ राहणार उलवे, हल्ली राहणार लाइन आळी, पनवेल, जिल्हा कुलाबा, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे हे आज सांगून ठेवते. ताप उतरला आहे, डोके ताळ्यावर आहे आणि खोलीत मी व लिहून घेणारे सोमण मास्तर यांच्याखेरीज कोणी नाही. मला सहीपुरतेच लिहिता येते. मी बोलते ते मास्तर शुद्ध भाषेत उतरवतात. जिथे मी अडून बसले तिथे माझे शब्द तसेच राहू दिले आहेत. याआधी मी असा कोणताही कागद केलेला नाही.

खाली सांगितलेली मालमत्ता माझ्या स्वतःच्या कमाईची आहे. सासरच्या मिठागरातली वाटणी दिरांकडे आहे. तिच्यावर माझा दावा नाही आणि माझ्या मुलानेही तो करू नये.

१. लाइन आळीतले घर, पुढच्या भाड्याच्या दोन खोल्यांसह, माझा मुलगा शिवा जगन मढवी याला द्यावे. शिवा मुंबईला गिरणीत आहे. मुलगा म्हणून त्याने मला कधी उणे पडू दिले नाही. पण गेले वर्षभर तो माझ्या पाठीस लागला आहे की पळस्प्याची जमीन पेट्रोलपंपवाल्यांना देऊन टाक. ‘आई, आज दर आलाय, उद्या राहील का नाय कोण सांगेल?’ हे त्याचे बोलणे. शिवा लोभी नाही, तो घाबरट आहे. घाबरट माणसाच्या हाती घर द्यावे, त्यात तो निदान झोपतो. जमीन दिली तर त्याचीच झोप उडेल. तेव्हा शिवाने मनात आणू नये की आईने भाचीला वर चढवले. त्याच्या स्वभावाला सोसेल ते त्याला दिले आहे.

२. पळस्पे नाक्याजवळची, गोव्याच्या रस्त्याला लागून असलेली माझी जमीन, विहीर व आंब्याच्या झाडांसह, माझा धाकटा भाऊ कै. आनंदा कडू याची मुलगी जनी हिला द्यावी.

ही जमीन जनीला का, हे सांगायचे तर ती कशी आली आणि कशी गेली तेही सांगायला हवे. मास्तर म्हणतात की मृत्युपत्रात एवढे लागत नाही. मला लागते.

जमीन घेतली ती दुसर्‍या मोठ्या लढाईच्या दिवसांत. रस्त्याने लष्कराच्या गाड्या सारख्या जात होत्या आणि सरकार रस्त्याकडची शेते काढून घेणार अशी आवई होती. जो तो विकायला बसला होता. माझा नवरा नुकताच गेलेला. मी बैलगाडीतून मीठ विकत पळस्प्यावरून जात असे. बैलांना पाणी पाजायला मी त्या विहिरीवर थांबे, आणि तिथे थांबणारी मी एकटीच नव्हते. पनवेलचा, पेणचा, खोपोलीकडचा, प्रत्येक गाडीवान तिथे थांबे. मी आनंदाला म्हटले, ‘लढाई सरंल. पानी प्यायला माणसं थांबायची, ती काय सरणार नाय.’ तो हसला आणि आपली सारी शिल्लक घेऊन आला. दोघांच्या नावावर निम्मी निम्मी घेतली. खरेदीच्या दिवशी त्याने मला खांद्यावर हात टाकून कचेरीतून बाहेर आणले होते, जशी काही मीच धाकटी होते.

विकणार्‍याने जागा रिकामी असल्याचे सांगितले होते. पैसे चुकते केल्यावर मी दुपारी जेवणवेळेला तिथे गेले, तर आंब्यामागून धूर निघत होता. झोपडीत मंगळी नावाची कातकरीण होती, नवरा बाळ्या कोळशाच्या भट्टीवर गेलेला. ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, ‘बाय, आमी कुटं जायाचं?’ मी म्हटले, ‘कुटं कशाला जाता? झाडांवर नजर ठेवा.’ तेवढेच आमचे बोलणे झाले, आणि ते आजवर टिकले. जनी, जागा बघायची तर सकाळी दलालाबरोबर बघू नको. जेवणवेळेला एकटी जा. कुणाची चूल पेटते ते कागदावर नसते.

पुढे कसेल त्याची जमीन असा कायदा आला. तेव्हा आनंदाकडे एक दलाल जाऊ लागला. त्याचे नाव इथे लिहवून घेत नाही. तो अजून याच बाजारात फिरतो आणि त्याला नातवंडे आहेत. तो आनंदाला म्हणाला की झोपडीतला कातकरी उद्या कूळ म्हणून उभा राहील आणि जमीन फुकट जाईल. एक तर त्याला हाकल, नाही तर आज मला वीक. आनंदा माझ्याकडे आला. मी म्हटले, ‘त्यांनी आपली जमीन कधी कसली? नुसतं र्‍हायल्यानं कुणी कूळ व्हत नाय. मी तलाठ्याला विचारलंय.’ तो म्हणाला, ‘तलाठी काय आपला हाय?’ मंगळीला हाकलायला मी तयार नव्हते, आणि खरे सांगायचे तर तोही नव्हता. त्याच्याने ते झाले नसते. म्हणून दुसरा मार्ग होता तो त्याने धरला. मला न सांगता आपला अर्धा हिस्सा दलालाला विकला आणि बायकोमुलीला घेऊन आपट्याला, सासुरवाडीच्या गावी, राहायला गेला.

कायद्याने आमचे काहीच गेले नाही. पाऊस सरला, आणि आनंदाला कळले की तो ज्याला भ्याला होता ते मुळात नव्हतेच. तेव्हापासून त्याने पनवेलचा बाजार सोडला.

३. त्या दलालाची छत्री माझ्या माळ्यावर आहे. आनंदा माझ्याकडे आला त्या दिवशी त्याला समजवायला तो मागोमाग माझ्या घरी आला होता, तेव्हा विसरून गेला. काड्या मोडल्या आहेत, कापड शाबूत आहे. माझ्या तेराव्यानंतर ती त्याला घरी नेऊन द्यावी. त्याची कुठलीही वस्तू माझ्याकडे राहायला नको. पाणी विचारल्यास पिऊन यावे, भांडू नये.

४. आता जे सांगते ते मला जड जाते.

दलालाने तो अर्धा हिस्सा काही वर्षे तसाच ठेवला. रस्त्यावर मालमोटारी वाढल्या तसा दर वाढला. मी माझ्या पाटल्या आणि उरण नाक्यावरची एक चाळ विकून तो हिस्सा परत घेतला. बाजारात लोक म्हणाले, बाई हुशार. मी हुशारीने घेतला नव्हता. मला वाटले, कागद नेऊन आनंदाच्या हातावर ठेवीन आणि तो परत येईल.

मी आपट्याला गेले. पाताळगंगेच्या काठाला त्याचे घर. त्याने पायांवर पाणी घातले, पाट मांडला, वहिनीने भात वाढला. जेवण झाल्यावर मी कागद पुढे केला. ‘घे. तुजा हिस्सा परत आणलाय.’

त्याने कागदाला हात लावला नाही. मग म्हणाला, ‘बाय, तू कशाला घेतलीस? परक्याकडं व्हती तवर मला इसरता येत व्हतं.’

‘तुजीच हाय ती.’

‘माजी मी इकली. आता तुज्या हातनं घेऊ, तर रोज जेवताना मला तुज्या पाटल्या दिसतील.’

मी रागावले नाही, तोही नाही. भांडण झाले असते तर मिटवता आले असते. मी परत एकदा गेले, तेव्हाही पाट मांडला, भात वाढला, आणि तेच. शिवाच्या लग्नाला वहिनी व जनी आल्या, तो आला नाही. मग काविळीत गेला. मला निरोप आला तेव्हा उशीर झाला होता.

त्याचे दिवस झाल्यावर मी पळस्प्याला गेले. मंगळी विहिरीवर होती. ती म्हणाली, ‘तुजा भाव यायचा.’

‘कुटं?’

‘हितं. नाक्यावर र्‍हायचा उभा. आंब्याकडं बघत. मी म्हनायची, दादा, आत ये, पानी पी. तर म्हनायचा, नाय, माजी गाडी येल. गाड्या यायच्या नि जायच्या.’

‘मला का नाय बोललीस?’

‘त्यानं शपत घातली व्हती.’

मंगळीचा दोष नाही. पण मला एका माणसाने जरी सांगितले असते, तर मी कागद घरी ठेवून, नुसती त्याच्या शेजारी जाऊन नाक्यावर उभी राहिले असते. आयुष्यभर मी जमिनी घेतल्या, त्यातली बहुतेक खरेदी बरी निघाली. सर्वांत बरी निघाली ती हीच, आणि ती घेतली नसती तर बरे झाले असते. जनी, जमीन पैशासाठी घे, धान्यासाठी घे, म्हातारपणासाठी घे. माणूस परत आणायला घेऊ नको. जमिनीला ते जमत नाही.

५. मंगळी व तिचा मुलगा काळू यांची झोपडी, आंब्याखालची जागा आणि विहिरीचे पाणी यांना जनीने किंवा तिच्यामागून कोणीही हात लावू नये. बाळ्या आता नाही. ती जागा त्यांच्या नावावर वेगळी काढून द्यावी. त्याचा खर्च माझ्या पोस्टातल्या शिलकीतून करावा. मी हे हयातीत करायला हवे होते, पण दर वेळी काही तरी आडवे आले. उरलेली शिल्लक जनीला.

६. मिठाचे मोठे माप, तराजू व दोन घागरी सूनबाईला. गाडीचे जू आता कोणाच्या कामाचे नाही, ते चुलीत घालावे.

७. जनीविषयी. तिच्या नवर्‍याने दुसरी केली तेव्हा ती आपट्याला परत आली आणि शिवणाचे मशीन चालवून आईला पोसते आहे. आपट्याला रेल्वे आली तशी स्टेशनाजवळ तुकडे विकायला निघाले. गेल्या दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली. ‘आते, मला एक तुकडा घ्यायचाय. लोक म्हनतात, शिवणाच्या पैशात कुणी जमीन घेतं का?’ मी म्हटले, ‘मी मिठाच्या पैशात घेतली. चल, बघू.’

आम्ही दोघी गेलो. विकणारा आधी मला म्हणाला, संगे कोणी पुरुषमाणूस नाही का? मी जनीला पुढे केले, मला तिला बघायचे होते. तिने तुकड्याला पूर्ण फेरी मारली, माती हातात घेतली, पावसाळ्यात पाणी कुठवर येते ते शेजारच्या म्हातारीला विचारून आली. मग विकणार्‍याला विचारले, ‘इथं यायचा रस्ता कुठून?’ त्याने दुसर्‍याच्या शेतातून हात दाखवला. ‘त्याने उद्या बांध घातला तर?’ तो म्हणाला, ‘नाही घालणार, चांगला माणूस आहे. पण आजच ठरवा, संध्याकाळी दुसरं गिर्‍हाईक येतंय.’

जनीने हात झटकले. ‘मग त्याला द्या,’ म्हणाली आणि चालू लागली.

वाटेत ती रडवेली झाली. ‘आते, मी भ्याले का गं? बासारखी?’

मी म्हटले, ‘तुजा बा भ्याला तवा त्यानं इकली. तू भ्यालीस तवा इचारलंस. भ्या सगल्यांना वाटतं.’ हे तिने लक्षात ठेवावे. लवकरच दुसरा तुकडा बघावा, लहान का असेना. घाई करणार्‍याकडून घेऊ नये, भीती घालणार्‍याला विकू नये, आणि कोणाबरोबर भागीत घेतली तर मधे बांध आधी घालावा, प्रेम असेल तरी. प्रेम असेल तर जास्तच.

पळस्प्याची जमीन विकायची की ठेवायची, ते तिचे तिने ठरवावे. मी बंधन घालत नाही. तिने मला एकदा दाखवले आहे की तिला नाही म्हणता येते.

८. एक अट मात्र आहे. सातबार्‍यावर नाव चढवताना तलाठी तिला नवर्‍याचे नाव विचारील. ते लावू नये. ‘जनी आनंदा कडू’ असे पूर्ण नाव लावावे. माझा भाऊ नाक्यावरून आत आला नाही. मधल्या नावाने तरी तो त्या जमिनीत यावा.

या कागदाप्रमाणे सर्व घडवून आणण्याचे काम सोमण मास्तरांनी पत्करले आहे. त्यांनी हे मला दोनदा वाचून दाखवले. आठव्या कलमाशी मी त्यांना थांबवले आणि नाव परत वाचायला लावले. बरोबर आहे. साक्षीदारांना आता आत बोलावून खुशीने सही करते.

मुक्काम पनवेल, तारीख ११ फेब्रुवारी १९६७

सही : गुणाबाई जगन मढवी

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही केली :
१. काशिनाथ हरी गुरव, लाइन आळी, पनवेल
२. इस्माईल दाऊद मुल्ला, लाकूड वखार, उरण नाका, पनवेल

लिहून घेणार : वि. ग. सोमण, निवृत्त शिक्षक, पनवेल