अठ्ठ्याण्णव टक्के जुळलेल्या बाई

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरलीय, वाकले तर उठवायला माणूस लागेल). तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांनी दिलेली काठी तू मांजर हाकलायला वापरतेस असं कळलं. माझा पूर्ण पाठिंबा आहे.

इकडची हकीकत अशी. आमच्या कंपनीत सगळ्या इंजिनिअरांची प्रमुख मी, हे तुला ठाऊक आहेच (आईने सांगितलं नसेल, हे अशक्य). मागच्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी बोलावून गोड आवाजात सांगितलं, की माझ्यात आईची माया आहे, तेव्हा मी आता 'कर्मचारी आनंद विभाग' सांभाळावा. म्हणजे वाढदिवसांचे केक आणि खिडकीतल्या कुंड्या. माझी खुर्ची त्यांच्या मेव्हण्याला. हा गृहस्थ आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवतो. सोमवारपर्यंत होकार द्या, नाहीतर राजीनामा.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हटलं, कुणा जाणत्या बाईला विचारू. तंत्रज्ञान क्षेत्रातल्या वरिष्ठ महिलांची एक संस्था आहे, तिची मी सभासद. तिथे सल्ला हवा असेल तर सल्ला देणारीशी जोडी लावून देतात, आणि ते काम एक सॉफ्टवेअर करतं. अर्जात विचारलं होतं, सल्ला हवा आहे का? हो, लिहिलं. देऊ शकाल का? का नाही, तेही हो. संध्याकाळी निरोप आला, तुमची जोडी जुळली. सोबत फोटो. माझाच!

मी फोन करून भांडले. संयोजिका म्हणाली, "मॅडम, अठ्ठ्याण्णव टक्के जुळतंय. इतकं आजवर कुणाचंच जुळलं नव्हतं." (उरलेले दोन टक्के मी शोधले. सल्ला मागताना 'पटकन चिडते' लिहिलं होतं आणि देताना 'अत्यंत शांत'.) दुसरी कुणी द्या म्हटलं, तर सगळ्यांच्या जोड्या लागलेल्या. मग मीही हट्टाला पेटले. संस्थेने जोडीच्या भेटीसाठी राखून ठेवलेल्या काचेच्या खोलीत एकटीच जाऊन बसले, दोन कप कॉफी मागवली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने. बाहेरचे लोक बघत होते. बघू देत. इतक्या वर्षांत मला मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकणारी ही पहिलीच बाई. आणि ऐकून झाल्यावर मला तिच्याबद्दल खरंच वाईट वाटलं गं. अख्खं काम हिने उभं केलं, आणि हिला कुंड्यांना पाणी घालायला सांगतात?

तर मी आनंद विभाग घेणार नाही. राजीनामाही देणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं, कारण लेखी द्यावं, आणि त्यावर सही करताना माझ्याकडे बघावं. तब्येतीला जप.

तुझी हट्टी भाची

ता. क. वर 'घेणार नाही' लिहिलंय, ते खरं म्हणजे कालच कळवून टाकलं. आज माझ्या कार्डाने कंपनीचं दार उघडत नाही. हे पत्र समोरच्या बाकावर बसून लिहिते आहे. कारण लेखी मिळेपर्यंत इथून हलणार नाही.

आणखी एक. आईला हे तू सांग. साहेबांशी मी लढेन, तिच्याशी लढायची माझी छाती नाही. असला सल्ला दिला कुणी, असं ती विचारेलच. तर सांग, त्या संस्थेतल्या एका फार अनुभवी बाईंनी.