चिठ्ठ्या झाकून

४ जून

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. अक्षर फारच थरथरलंय. काकू म्हणत होती की हल्ली कप उचलतानाही हात ऐकत नाही. म्हणून आधी आनंदाची बातमी. तुमच्या आजारात मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गुठळ्या साचतात आणि मग पेशी स्वतःच आपला कारभार गुंडाळते. तसा हुकूम सोडणारं दुसरं एक प्रथिन आहे. ते मी काचेच्या डिशमधल्या पेशींत अडवलं. एरवी शंभरातल्या चाळीस जगतात, माझ्या सत्तर जगल्या. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मीच मोजली, कोणाला हात लावू दिला नाही. महिनाअखेरीस सगळ्यांसमोर मांडायचंय. त्यावरच माझी फेलोशिप दोन वर्षं वाढणार की नाही ते ठरेल.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची भिंगरी

१० जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काकूने पत्र दोनदा वाचून दाखवलं. मग मी तुझ्या दोन्ही आत्यांना फोन केले. धाकटी रडली. थोरलीने औषध कडू असेल का, एवढंच विचारलं.

आता एक अडाणी प्रश्न. हातगाडीच्या दिवसांपासून मी कपबश्या विकतोय. प्रत्येक कप बोटाने वाजवून घेतो. तडा असला की आवाज बद्द येतो. पण जो माल मी स्वतः पसंत करून आणतो, तो काकू वाजवते. आपण आणलेला फुटका कपही आपल्या कानाला खणखणीत लागतो, हे मला तीन पेट्या परत आल्यावर कळलं. मोजताना कुठली डिश कुठली, हे तुला दिसतं का गं?

रागावलीस तरी पत्र टाक.
तुझा काका

१ जुलै

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

रागावले होते, चांगली दोन दिवस. मग मैत्रिणीला डिशवरच्या चिठ्ठ्या झाकून डिश उलटसुलट मांडायला लावल्या आणि पुन्हा मोजलं. धड मेलेल्या नाहीत, धड जिवंत नाहीत अशा सुजलेल्या पेशी पुष्कळ असतात. प्रथिन अडवलेल्या डिशमध्ये त्या मी जिवंत धरत होते, न अडवलेल्या डिशमध्ये मेलेल्या. चिठ्ठ्या उघडल्या तर दोन्हीकडे पंचावन्न. ते प्रथिन अडवून काहीच होत नाही, काका.

सत्तरचा तक्ता तयार होता, कोणाला पत्ताही लागला नसता. काल पंचावन्नचा लावला आणि आधी कशी मोजत होते तेही सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले की आजपासून इथे सगळ्यांच्या डिश झाकून मोजायच्या, आणि सुरुवात त्यांच्या स्वतःच्या जुन्या डिशपासून. फेलोशिपचं अजून कळलं नाही.

तुमची आशा मीच मोडली. तरी माया पातळ करू नका.
भिंगरी

७ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर काकूचं आहे, बोलतोय मी. तुझं पत्र ऐकून वाईट वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. मग दोन्ही आत्यांना पुन्हा फोन केले. मागच्या वेळी नुसती फुशारकी होती. या वेळी नीट समजावून सांगितलं की कोणी बघत नसताना आपल्या पोरीने हाती आलेलं यश स्वतःच मोडीत काढलं. सांगताना माझाच आवाज चढला, असं काकू म्हणते.

थोरलीने विचारलं की मग तुझ्या हाताचं काय. मी म्हटलं की औषध सापडेल तेव्हा ही पोर कळवेल, आणि तिने कळवल्यावर ते कोणी मोजलं, हे मी विचारणार नाही.

जेवत जा वेळेवर.
तुझा काका