पडद्यावरचा सकाळचा आकडा

दि. ९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
काकाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे चाललंय. काकूचा गुडघा कुरकुरतो, माझा चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. तू वेळेवर जेवतोस ना? उपाशीपोटी लिहिलेला कोड पुढे दुसऱ्याला खातो.

तुझा पॅच, ती कोडची दुरुस्ती, वाचला. नेटवर्क तुटून पुन्हा जुळलं की मशीन सर्व्हरवरची फाइल नव्याने न वाचता जवळची जुनी प्रतच दाखवत बसतं, हे तू बरोबर पकडलंस. नव्या कर्नेलमध्ये, मशीन चालवणाऱ्या मूळ प्रणालीत, तुझा पॅच गेलाही. प्रश्न आहे सांभाळायला माझ्या गळ्यात असलेल्या तिच्या जुन्या आवृत्तीचा. रेडिओ दुरुस्त करता करता इथवर आलेला माणूस मी, शिकलो ते एवढंच, की वीट काढण्याआधी छप्पर कशावर टेकलंय ते पाहावं. तुझा पॅच ज्या सोयीवर उभा आहे ती जुन्या आवृत्तीत नाहीच. तसाच घातला तर जोडणी होताना मशीन गोठतं; मी घालून पाहिलं. म्हणून छाटून लहान केला. पुन्हा जुळलं की जवळची प्रत सरळ फेकून द्यायची. काम थोडं मंदावतं, पण दाखवतं ते खरं.

तरी ही आवृत्ती माझ्याबरोबर सांभाळणारे बाकीचे दोघे मेंटेनर अडलेत, आणि त्यांचं चुकत नाही. जुन्या आवृत्तीत दुरुस्ती घ्यायची तर तिच्यावाचून कुणाचं काय बिघडलं, ते पॅचसोबतच्या टिपणात लिहावं लागतं. तू लिहिलंस, काही वेळा वापरणाऱ्याला जुनी माहिती दिसू शकते. त्यावर एकाने विचारलं, "दिसली तर दिसली. एवढ्यासाठी चांगलं चाललेलं कशाला उकरायचं?"

तू माझ्यासाठी लिहिताना हात आखडता घेतलास, ते कळलं मला, बाळा.

तर जे झालं ते आता मीच इथे लिहितो. दादाच्या कारखान्यात टाकीच्या तोंडापाशी जे मशीन होतं, त्यावर आतल्या विषारी वायूचा आकडा सर्व्हरवरून यायचा. लाइन गेली, परत आली. आकडा मात्र सकाळचाच राहिला, धोका नसलेला. तुझा दादा तो पाहून आत उतरला. कारखान्याने म्हटलं, पोरगा निष्काळजी, न पाहता उतरला. तू तसंच मशीन मांडून, वायर उपटून, पुन्हा जोडून पाहिलंस, म्हणून खरं काय ते समजलं.

उद्या कुणी म्हणेल, म्हातारा पोराचं नाव धुऊन घेतोय. म्हणून या निर्णयातून मी अंग काढून घेतो. दुरुस्ती घ्यायची की नाही, ते दोघे ठरवतील. पण सगळं कळल्यावर ठरवू देत. टिपणातले मऊ शब्द काढ. या चुकीमुळे एक माणूस मेला, असं लिही. नाव नको, नातं नको. हीच आवृत्ती घेऊन किती मशीनं कुठल्या कुठल्या टाक्यांपाशी उभी आहेत, देव जाणे.

एक सांगायचं राहिलं. काकूला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोर गेल्यापासून तिचं एकच पालुपद, "घसा कोरडा करून सांगायचे, आधी बघ, मग उतर. ऐकलं नाही." चार लोकांआधी तिला कळायला हवं, म्हणून आज दुपारी बोललो. ती ताटं पुसत होती. एकच ताट कितीतरी वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यानं पाहिलं होतं."

मी हो म्हटलं.

"आणि मी त्याला बोल लावत बसले."

तेव्हापासून ती आतल्या खोलीत आहे, दाराला कडी. मी बाहेर बसून तुला लिहितोय. टिपण आजच बदल. इकडे फोन मात्र इतक्यात करू नकोस, उचलायचं बळ नाही.

तुझा काका,
तुझ्या दादाचा बाप