कागदावरचं ऑस्ट्रेलिया

बाबा, तुम्ही पीत नव्हतात, हे मी गेल्या महिन्यापासून मानायला लागले. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. लिहायचं होतं ते एवढंच, पण एवढंच लिहून कागद मिटता येईना.

झालं असं, की आमच्या ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. मी रक्त दिलं, चहा-बिस्किटं घेतली आणि विसरून गेले. आठवड्याने रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा. माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. कावीळ दिसलीही नाही तरी वर्षानुवर्षं यकृतात राहणारा विषाणू. पुढच्या तपासण्यांत कळलं की यकृत बरंच कडक झालंय. मी पंचेचाळीस वर्षांची आहे आणि मला काहीही दुखत नाही. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "घरात कुणाला यकृताचा त्रास?" मी म्हणाले, "वडील त्यानेच गेले. दारू प्यायचे." घरचा पत्ता सांगावा इतक्या सहज म्हणाले. त्या म्हणाल्या, जुने कागद असले तर आणा. आईच्या ट्रंकेत तुमची फाईल होती.

त्यातला एक कागद मी आधी पाहिलेला आहे. तेव्हा मी बारावीला आहे. आई पाट्यावर वाटण वाटतेय, तुम्ही चुलीजवळ भिंतीला टेकून बसला आहात. हातापायांच्या काड्या, पोट मात्र पाणी होऊन फुगलेलं, डोळे पिवळे. जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं असं पोट दिसलं की लोक दुसरं काही विचारत नाहीत. आई तुमची पिशवी रोज तपासते. बाटली सापडत नाही, म्हणून तिला आणखी राग येतो. तुम्ही म्हणता, "मी घेत नाय गो," आणि आम्हाला ते पिणाऱ्याचंच बोलणं वाटतं. त्या दिवशी तुम्ही रक्ताचा रिपोर्ट माझ्यापुढे धरलात. "तुला इंग्लिश येतं. बघ काय म्हणतायत." कागदावर ऑस्ट्रेलिया अँटिजेन असं होतं आणि पुढे पॉझिटिव्ह. मला काहीच कळलं नाही, आणि कळलं नाही असं म्हणायचं नव्हतं. मी म्हणाले, "दारू सोडा, असं लिहिलंय." तुम्ही कागद परत घेतलात, घडी घातलीत. "असं लिहिलंय होय," एवढंच म्हणालात. तो कागद घेऊन तुम्हाला कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. ते तुम्ही राहूच दिलंत. चार महिन्यांत तुम्ही गेलात.

डॉक्टर मॅडमनी तो कागद खिडकीपाशी धरून वाचला. म्हणाल्या, "हाच आजार. हिपॅटायटिस बीला तेव्हा रिपोर्टवर ऑस्ट्रेलिया अँटिजेन लिहायचे." मग त्यांनी आईची आणि दादाची तपासणी करायला लावली. आईच्या रक्तात विषाणू येऊन गेल्याच्या खुणा आहेत, तो आता नाही. दादाच्या रक्तात आहे, पण त्याचं यकृत ठणठणीत. दादा शनिवार-रविवार पितो. मी विचारलं, एकाच घरातला आजार, मग असं कसं? त्या म्हणाल्या, "कोणाकडून कोणाला गेला ते आता सांगता यायचं नाही. पण विषाणू एकच असला तरी माणसं एक नसतात. तो कुठल्या वयात शिरला यावर बरंच असतं. शिवाय जनुकांत बारीक फरक असतात, सख्ख्या भावंडांतसुद्धा. कुणाचं शरीर त्याला हाकलून देतं, कुणाचं त्याच्याबरोबर गप राहतं, कुणाचं त्याच्याशी लढताना आपल्याच यकृतावर वण करून घेतं. तुम्ही बहुतेक वडिलांवर गेलात." लहानपणीही सगळे असंच म्हणायचे, ते नाकावरून. आता मला रोज एक गोळी आहे, बहुधा कायमची. मी विचारलं, "तेव्हा ते कोल्हापूरला गेले असते तर?" "तेव्हा औषधं फारशी नव्हती," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

आईला मी मागच्या रविवारी सांगितलं. ती विळीवर बांगडे साफ करत होती. "मग तेव्हा का नाय बोलले?" तिने विचारलं. "बोलत होते ते, आई." तिचा हात थांबला नाही. उरलेले तीन बांगडे चिरून झाल्यावर म्हणाली, "शेवटचा महिना मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं." मग मीठ लावलं, हात धुतले. ती रडली नाही, मीही नाही. मला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी होईल. आम्ही जेवलो आणि मी भांडी घासली.

काल दादाचा फोन आला होता, हातखंब्याहून. तिथे हायवेला त्याचं गॅरेज आहे. "माझं नॉर्मल गो. दारू तेवढी सोडायला सांगितलीय. तुझं पण ठीक ना?" मी म्हणाले, हो. त्याला मी माझा रिपोर्ट दाखवलेला नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक इथेच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही ते. दादाचं यकृत चांगलं आहे असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा मला आनंद झाला नाही. मी मनात म्हटलं, पितो तर तो.