एकशे बारा बनावट शिव्यांची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा रेडिओच्या श्रुतिका लिहिणे, सध्या निवृत्त, हा कागद माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्याच हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे, मला कोणी धमकावलेले नाही आणि मी कोणाच्या गोड बोलण्याला भुललेलो नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. अठ्ठावन्नाशी मी अडखळलो आणि तोंडातून "ढ्रक" निसटले. डॉक्टर हसले. म्हणाले, हा शब्द मी शाळेत असताना रोज वापरायचो. दाखला लगेच मिळाला.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, माझ्या एकुलत्या एक मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे. तिने इथे राहावे, भाडेकरू ठेवावा किंवा दवाखाना काढावा, माझी हरकत नाही. मेल्यावर माणसाने घरात नाक खुपसू नये.

कलम दोन. बँकेतली शिल्लकही तिलाच. या कलमात सांगण्यासारखे आणखी काही नाही.

कलम तीन. माझे टंकलेखन यंत्र रेडिओ केंद्रावरच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना द्यावे. ते हयात आहेत, चौकशी केली. या गृहस्थांनी बावीस वर्षे माझ्या संहितांवर लाल पेन्सिल चालवली. आमच्या मालिकेत एक प्रचंड जहाज होते, माणसे पिढ्यानपिढ्या त्यातच जन्मत आणि मरत, बाहेर नुसता काळोख. पहिल्याच भागात इंजीन पेटते. कप्तान ओरडतो, "गाढवांनो, झडप बंद करा." साहेबांनी "गाढवांनो" खोडून वर लिहिले, "मित्रांनो". जहाज जळतेय आणि कप्तान मित्रांनो म्हणतोय! त्या रात्रीच्या जेवणाला मी बायकोला म्हटले, यांना कळणारच नाही अशा शिव्या करतो, मग बघू काय खोडतात.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावले. "या शब्दाचा अर्थ काय?"

"काही नाही, साहेब."

"मग ऐकायला वाईट का वाटतो?"

मी म्हटले, तेच तर मलाही कळत नाही. त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली आणि शब्द स्वतःशीच चार वेळा पुटपुटला, एकदा दार लावून मोठ्याने म्हटला. मग तो राहू दिला. खडूस माणूस, पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत मला कुतूहल दिसले. यंत्र त्याच्यासाठीच. 'ळ'ची कळ अडकते, हे त्यांना सांगावे.

कलम चार. आता मुख्य मालमत्ता. बुटांच्या खोक्यात एकशे बारा कार्डे आहेत. प्रत्येक कार्डावर एक शिवी, जगातल्या कोणत्याही भाषेत नसलेली. या शिव्या कशा झाल्या ते सांगितल्याशिवाय त्यांची वाटणी कळणार नाही, म्हणून वकीलबाईंनी कितीही घड्याळ पाहिले तरी मी सांगणार आहे.

माझे सुरुवातीचे शब्द टाकाऊ होते. मला वाटे, अवकाशातले लोक म्हणजे व्यंजनांची गर्दी हवी. "झ्ग्रख्त" असा एक शब्द केला. कप्तानाचे काम करणारा नट तो म्हणताना मायक्रोफोनवर थुंकला. मी स्वयंपाकघरात डोके धरून बसलो होतो. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, धंद्याने प्लंबर, तेव्हा आमच्या सिंकखाली उताणा पडून पाइप बदलत होता. तो तिथूनच म्हणाला, "भाऊजी, शिवी तोंडात मावायला पाहिजे. आणि मला सांगा, ह्या लोकांना सगळ्यात जास्त भीती कशाची?"

मी म्हटले, "हवा संपायची."

"मग आई-बापावरून कशाला शिव्या देतील? हवेवरून देतील."

एवढे बोलून त्याने वायसर मागितला. तीन महिने मी जे शोधत होतो ते याने पान्हा फिरवता फिरवता सांगून टाकले. त्या दुपारी आम्ही सहा शिव्या केल्या. गळक्या. निर्हव्या. आटेगेल्या. चीरवायसऱ्या. उसन्या श्वासाच्या. आणि बोट चेंगरल्यावर म्हणायची ती ढ्रक, तिला अर्थ नाही आणि लागतही नाही.

चाचणीची पद्धत मेहुण्याने घालून दिली. मी कार्ड लिहायचे, त्याने ते एकदा वाचून परत द्यायचे आणि आठ दिवस कामावर जायचे. शब्द मुद्दाम आठवायचा नाही. पान्हा निसटून बोटांची सालटी निघाली आणि त्या क्षणी शब्द आपणहून तोंडात आला, तर पास. आठवून म्हणावा लागला, तर नापास. तो इमानदार परीक्षक होता. माझा "निळकुट्या" नावाचा फार लाडका शब्द त्याने तीनदा नापास केला. "भाऊजी, छान आहे हो, पण दुखल्यावर येत नाही," म्हणाला. "उसन्या श्वासाच्या" मात्र पहिल्याच दिवशी पास झाला. तो ज्यांच्या न्हाणीघरात काम करत होता त्या बाईंनी ऐकला आणि संध्याकाळपर्यंत नवऱ्याला दोनदा ऐकवला.

पास झालेल्या कार्डावर माझी बायको निळ्या शाईने बरोबरची खूण करी. खऱ्या शिव्या तिने या घरात कधी चालू दिल्या नाहीत. पण कुकरची शिटी होईना की तिच्या तोंडून "गळक्या" निघे, आणि आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर एकमेकांकडे पाहत असू. तिला जाऊन बारा वर्षे झाली. सगळ्या खुणा तिच्या हातच्या आहेत, म्हणून कार्डे पाण्याजवळ ठेवू नयेत.

कलम पाच. एकशे तेरावा शब्द कार्डावर नाही. शंभराव्या भागात जहाजावरचा एकजण दुसऱ्यांच्या वाट्याची हवा चोरतो आणि एक म्हातारी गुदमरून मरते. त्याला कप्तान काय म्हणेल? मी संहितेत लिहिले, "येथे भोंगा." भोंगा वाजे, नट नुसते तोंड हलवी. पण मेहुणा अडून बसला. म्हणाला, भोंग्याच्या मागे खरा शब्द असलाच पाहिजे. भिंतीतला पाइप दिसत नाही म्हणून तो घातला नाही, असं चालेल का? म्हणून आम्ही तो शब्द केला. चार रविवार लागले. लिहायचा नाही, उगाच उच्चारायचा नाही, चाचणीला न्यायचा नाही असे ठरले. श्रोत्यांची पोतेभर पत्रे आली, भोंग्यामागे काय आहे ते सांगा. आम्ही माझ्या बायकोलाही सांगितले नाही. भोंग्यामागचा शब्द कोणता, हे जगात दोनच माणसांना माहीत आहे.

कलम सहा. हे कलम वकीलबाईंच्या मते मृत्युपत्रात बसत नाही. माझ्या मते मृत्युपत्र याच कलमासाठी आहे.

नऊ वर्षांपूर्वी मालिकेच्या नावाने माझा सत्कार झाला. मंचावर एका मुलीने विचारले, सर, हे अफलातून शब्द तुम्हाला सुचले कसे? मी बायकोची आठवण काढली, डोळे पुसले, आणि म्हणालो, "बाकी काय, एकट्याने खोलीत बसून डोकेफोड." मेहुणा तिसऱ्या रांगेत होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मला दिसत होता. तरीही मी "एकट्याने" म्हणालो.

नंतर तो बाहेरच्या व्हरांड्यात थांबला होता. माझ्या भोवती चार-पाच चाहते. तो हळूच म्हणाला, "भाऊजी, ताईचं नाव घेतलंत, बरं वाटलं. माझं घेतलं असतंत तर चाललं असतं की."

त्याचे खरे होते म्हणूनच माझे टाळके सणकले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसे झाले. चाहत्यांसमोर, हातात फुलांचा गुच्छ धरून, मी त्याला तो शब्द म्हणालो. भोंग्यामागचा.

चाहते हसले. त्यांना वाटले काहीतरी गंमत चालली आहे. त्याने हातातली कार्यक्रमपत्रिका चौघडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "पास झाला, भाऊजी. आपणहून आला." आणि जिना उतरून गेला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

मी स्वभावाने चौकस. या नऊ वर्षांत मी हा प्रश्न सोडवायचा पुष्कळ प्रयत्न केला. ज्या शब्दाला कोशात अर्थ नाही तो माणसाला लागतो कसा? मी तो आरशासमोर म्हणून पाहिला. काही नाही. अडकलेल्या खणाला म्हटला, टीव्हीवरच्या पुढाऱ्याला म्हटला, फोनवर विमा विकणाऱ्याला म्हटला. तो म्हणाला, "बरं सर, मग हप्ता कसा ठेवू?" काहीच होत नाही. शब्दात दम नाहीच. मग त्या दिवशी त्याच्या चेहऱ्याचा रंग का उतरला? मला आता वाटते, तो शब्द कोणाला म्हणायचा हे त्याच्याइतके नेमके कोणालाच माहीत नव्हते. आमच्या दोघांपैकी दुसऱ्याचे चोरणारा कोण होता, हेही त्याला माहीत होते. माझी चूक झाली. मला त्याची लाज वाटते. हे मी नऊ वर्षांपूर्वी जिना उतरून सांगायला हवे होते. गुडघे तेव्हा चांगले होते.

कलम सात. एका प्रकाशकाला या शिव्यांचा छोटा कोश काढायचा आहे. एकशे बारा कार्डांचा निम्मा हक्क माझ्या मुलीला आणि निम्मा मेहुण्याला. कव्हरावर दोघांची नावे, त्याचे आधी. कलम चार ते सात यांची नक्कल मुलीने त्याच्याकडे नेऊन द्यावी. मला स्वतः जायचा धीर होत नाही. त्याने वाचले नाही, फाडून टाकले, तरी वाटणी हीच राहील.

कलम आठ. हे आज सकाळी नव्हते. वकीलबाई सह्यांसाठी आल्या असताना दुपारी दोन वाजता मेहुणा आला. केस सगळे पांढरे झाले आहेत. माझ्याकडे न पाहता खुर्ची ओढून बसला, मुलीने सकाळीच नेऊन दिलेली नक्कल टेबलावर पसरली आणि तिला म्हणाला, "पेन्सिल दे गं."

मग खोके पुढ्यात घेऊन एकेक कार्ड काढू लागला. "हा माझा. हा तुमचा. हा तुमचा. हा ताईचा, आम्ही नुसता शेवट बदलला." दर कार्डाच्या मागे त्याने लिहून ठेवले. माझे बासष्ट, त्याचे अठ्ठेचाळीस, बायकोचे दोन. मी म्हटले, अरे, निम्मे कर ना. तो म्हणाला, "नको. जे ज्याचं ते त्याचं." "भुसनळ्या" कोणाचा यावर आमचे पंधरा मिनिटे भांडण झाले. मी म्हणत होतो तुझा, तो म्हणत होता तुमचा. आवाज चढले. वकीलबाईंनी चष्मा काढून ठेवला. नऊ वर्षांत या घरात इतके बोलणे झाले नव्हते.

भांडता भांडता मी म्हणालो, "माझं चुकलं रे."

"वाचलं मी," तो म्हणाला. "सहावं कलम. दोनदा वाचलं." आणि पुढचे कार्ड काढले.

सह्यांची वेळ आली तेव्हा एकच साक्षीदार हजर होता, तळमजल्यावरचे शिंपीकाका. डॉक्टर यायचे होते, ते अडकले. मेहुणा म्हणाला, मी करतो सही.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला यातून मिळणार आहे. ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये. उद्या कोणी बोट ठेवलं तर तुमचा हक्क जाईल."

"जाऊ दे."

"नीट विचार करा. कोशावर तुमचा निम्मा—"

"बाई, मी पाइप जोडणारा माणूस. कोश घेऊन काय करू? मी तिथं होतो, एवढं कुणीतरी लिहून घ्या. तेवढंच मागत होतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, लिहू द्या त्याला.

हक्काचे जे व्हायचे ते होवो. कव्हरावर त्याचे नाव आधी, हे मात्र मुलीने वचन दिले आहे. माझे सांगणे इथे संपले. खोडाखोड माझ्याच हातची आहे.

ठिकाण : माझे स्वयंपाकघर. दिनांक ९ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी साडेतीन.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार एक : शिंपी, तळमजला. लिहून देणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. ओळख सोळा वर्षांची. (सही)

साक्षीदार दोन : प्लंबर. भाऊजींनी माझ्यासमोर सही केली. डोकं जाग्यावर आहे. वर लिहिलेले शब्द तयार झाले तेव्हा मी हजर होतो. ओळख एक्केचाळीस वर्षांची. मधली नऊ धरून. (सही)