एक्केचाळीस नंबरचं रक्त

चंद्रपूर, १४ सप्टेंबर

तीर्थस्वरूप इंदुमामी यांना भाची दिव्यानीचा वाकून नमस्कार. मामाजींनाही माझा नमस्कार सांगा. आम्ही इकडे बरे आहोत. तुमचं कसं चाललंय? धान निसवायला लागलं का? गाय व्याली का? फोनवरच विचारलं असतं, पण मी 'मामी' म्हणायच्या आत तुम्ही 'नेटवर्क नाई व' म्हणून फोन ठेवता (त्याच फोनवर मामाजी तासभर कीर्तन ऐकतात), म्हणून हा कागद. बसून वाचा. चुलीवर काही असेल तर आधी उतरवा.

आई सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरते की पोरगी डॉक्टर होऊन राह्यली. तसलं काही नाही. मी जंतू पाळते. आपल्याकडे धानाच्या बांधीत उंदीर मुततात, ते साचलेल्या पाण्यात मिसळतं, आणि धानाच्या रोवण्याच्या वेळी चिरलेल्या पायातून एक जंतू अंगात शिरतो, त्याला लेप्टो म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पडद्यावर तो चांदीच्या तारेच्या तुकड्यासारखा दिसतो, दोन्ही टोकांना वाकडा, आणि क्षणभर स्वस्थ बसत नाही. त्याच्याकडे बघून बघून मलाही हल्ली स्वस्थ बसता येत नाही. त्याचे लाड म्हणाल तर जावयासारखे. तीस अंश ऊब हवी, सशाच्या रक्तातलं पाणी हवं, वाढायला आठवडा हवा, आणि दुपारी लाइट गेली की मी पेटीला ब्लँकेट गुंडाळून तिच्याशेजारी उभी. (आई म्हणते, एवढी उस्तवार घरच्यांची केली असती तर. बाकीचं वाक्य ती पुरं करत नाही.)

तर आमचं काम असं: रोवण्याच्या गावांतून रक्त आणायचं, त्यातलं वरचं पिवळं पाणी काढायचं आणि त्यात हे जंतू सोडायचे. ज्या माणसाला हा जंतू कधी भेटला असेल त्याचं रक्त जंतूच्या अंगावरच्या खुणा ओळखतं, आणि जंतू एकमेकांना चिकटून गोळा होतात. मग ते रक्त दुप्पट पातळ करायचं, परत दुप्पट, परत दुप्पट, आणि कुठवर ओळखतं ते बघायचं. बहुतेकांचं शंभर-दोनशे पटीवर हात टेकतं. तुमच्या गावच्या रक्ताच्या शिबिरातली (त्या दिवशी मी इकडे लॅबमध्येच होते) एक्केचाळीस नंबरची नळी मात्र सहा हजार चारशे पट पातळ केली तरी जंतूंचे गोळे करतच राहिली! मी तीनदा करून पाहिलं. यादीत नाव होतं रुखमाबाई, वय सदुसष्ट, 'ताप आलेला नाही'. मी माझ्या गाइड ज्योत्स्ना मॅडमच्या केबिनमध्ये धावत गेले, म्हटलं मॅडम, ही बाई म्हणजे किल्ला आहे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, किल्ला आहे की नुकतीच लढाई झालीय, ते एका नळीवरून कळत नाही. तीन आठवड्यांनी दुसरी नळी आण.

मामी, त्या दुसऱ्या नळीपायी मी चार वेळा मूल गावची बस धरली. (तुमच्याकडे आले नाही, कारण तुम्ही जेवल्याशिवाय सोडत नाही आणि जेवल्यावर मला झोप येते.) पहिल्यांदा रुखमाबाई निंदणात होती. मला बघताच खुरपं टाकून शेताच्या धुऱ्यावरून अशी पळाली की मी मागे धावताना गुडघाभर चिखलात उभी राहिले, आणि एक चप्पल अजून तिथेच आहे. दुसऱ्यांदा सून म्हणाली, बुढी गावाले गेली; मागच्या खोलीत बुढी खोकत होती. तिसऱ्यांदा खोकलाही बंद. एवढा प्रतिकार जंतूला होत असेल तर काय नवल, असं मी वहीत लिहूनही ठेवलं. शेवटी काल मूलच्या बाजारात सुकटाच्या दुकानासमोर ती सापडली. मी तिची पिशवीच धरली.

"काऊन लागली व पोरी माह्या मागं?" ती रडकुंडीला आली. "मी त रगतच नाई देल्लं!"

"मग एक्केचाळीस नंबर?"

"मले सुईचा लय भेव लागते. इंदी म्हणे, तू जाय घरी, तुह्या नावावर मी बसतो. बिस्किटचा पुडा बी तिनंच नेला."

आणि मग तिने बाकीचं सांगितलं. आखाडात तुम्ही पाच दिवस तापाने फणफणत होतात, पिंडऱ्या धरून रडत होतात, डोळे लाल झाले होते, आणि रोवण्याला माणसं मिळत नाहीत म्हणून मामाजींनाही न सांगता रोज बांधीत उतरत होतात.

खरं सांगते मामी, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, दुसरी नळी तर हाताशीच आहे, घरातलीच आहे. सुकटाच्या ढिगासमोर उभ्या उभ्या मला माझीच लाज वाटली. महिनाभर मी ज्या आकड्यावर नाचत होते, तो तुमचा ताप होता. तसल्याच तापाने किती जणांची मूत्रपिंडं निकामी होतात त्याचे आकडे मला तोंडपाठ आहेत. काल बसमध्ये त्यातला एकही आकडा डोक्यातून जाईना. आज सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, आधी माणूस तपासून घे, प्रबंध कुठे पळून नाही जात.

तुमची, चुकीच्या बाईमागे धावलेली,
दिव्यानी

ता. क. १ – आज मूलच्या दवाखान्यासाठी रक्त-लघवी तपासायला द्यायची आहे. हात जोडून सांगते. बरं वाटतंय हे कारण चालणार नाही.

ता. क. २ – मामाजींना मी सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. गोठ्यात जाऊन उगाच गाईला वैरण घालत आहेत, तिसऱ्यांदा.

ता. क. ३ – यावरून कळलंच असेल की ही चिठ्ठी पोस्टाने आलेली नाही. तोंडी सांगायला गेले की तुम्ही चहा ठेवता, म्हणून मामाजींच्या हाती आत पाठवली. मी त्या दवाखान्यातल्या नर्सताईंना घेऊन अंगणात खाटेवर बसले आहे. मागच्या दाराने निसटायचं ठरवत असाल तर तिकडे रुखमाबाई उभी होती. आता तीही इकडे येऊन बसली. म्हणते, "पयले माहं घ्या, मंग इंदी कशी नाई म्हणते ते पाहतो." बाही वर करून, डोळे गच्च मिटून, माझा हात धरून बसली आहे. लवकर बाहेर या मामी, तिला फार वेळ धीर धरवायचा नाही.